नोकरी सोडून पूर्णवेळ ब्लॉग करू का? शिवणकामाचा ब्लॉग चालवणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही सांगलीजवळ राहता, खासगी कंपनीच्या ऑफिसात १८ हजार पगाराची नोकरी करता, दोन वर्षांपासून शिवणकामाचा मराठी ब्लॉग चालवता. दीडशेच्या आसपास लेख झालेत आणि गूगलच्या जाहिरातींतून महिन्याला साधारण चार हजार दिसतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलाय. नोकरी सोडून रोज एक लेख टाकला तर चार हजारांचे पंधरा-वीस हजार होतील का, आणि हे काही खरं काम नाही म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते होणार नाहीत, आणि निव्वळ त्या हिशोबावर नोकरी सोडू नका. पण शिवणकामाच्या मराठी ब्लॉगच्या जोरावर घर चालू शकतं, हेही मला तितकंच पक्कं वाटतं. मी स्वतः पापड, मसाले, लोणची करणाऱ्या बायकांसाठी मराठीत लिहिते आणि बरीच वर्षं त्याच आधारावर घरून काम करते. त्यात जाहिरातींचा वाटा कायमच किरकोळ राहिला. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते: जाहिराती सोडून तुमच्या वाचकांना तुमच्याकडून काय विकत घ्यायचंय, आणि ते तुम्हाला नोकरी सांभाळून सुरू करता येईल का?

आधी जाहिरातींचा हिशोब बघू. ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरात योजनेत, १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. रुपयांत ते साधारण नऊ हजारांच्या घरात जातात. म्हणजे तुमचे 'महिन्याला चार हजार' प्रत्यक्षात दोन-तीन महिन्यांनी एकदा खात्यात येत असणार, तेही पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान. घराचा हप्ता, शाळेची फी, गॅस हे काही एवढे दिवस थांबत नाहीत. शिवाय मराठी पानांवरच्या जाहिरातींसाठी जाहिरातदार बोली कमी लावतात. त्याच विषयावरच्या इंग्रजी पानाला तेवढ्याच वाचकांमागे जास्त पैसे मिळतात. हे आपल्या हातात नाही, आणि लेख वाढवून ते बदलतही नाही.

रोज एक लेख टाकण्याबद्दल. सर्च कन्सोल (गूगलच्या शोधातून ब्लॉगवर कोण, कसं येतं ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडा, मागचे तीन महिने निवडा आणि पानांची यादी क्लिकच्या क्रमाने लावा. दीडशे लेखांपैकी दहा-पंधरा लेखच बहुतेक वाचक आणत असतील आणि उरलेल्यांना दिवसाला एखाददुसरा क्लिक असेल, असा माझा अंदाज आहे. माझ्या ब्लॉगवर हेच चित्र आहे आणि ज्यांचे ब्लॉग मी पाहून दिलेत त्यांच्याकडेही तेच दिसलं. रोज लिहायचं म्हटलं की विषय पुरत नाहीत, मग 'कटोरी ब्लाउज कटिंग', 'कटोरी ब्लाउज सोपी पद्धत', 'कटोरी ब्लाउज नवीन डिझाइन' असे एकाच गोष्टीचे चार लेख होतात. ते शोधात एकमेकांचीच जागा खातात. त्यात ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतातही शोधाच्या सगळ्यात वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलंय. '३६ छातीला मुंढा किती घ्यायचा' असला एका ओळीचा प्रश्न तिथेच सुटला की वाचक तुमच्या पानापर्यंत येतच नाही. अशा एका ओळीच्या उत्तरांचे शंभर लेख आता टाकण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

त्यापेक्षा चालणारे दहा लेख हातात घ्या. समजा त्यातला एक 'प्रिन्सेस कट ब्लाउजचं कटिंग' आहे. सर्च कन्सोलमध्ये त्या पानावर क्लिक करून लोक काय टाइप करून आले ते बघा. बहुतेकांनी रोमन लिपीत टाइप केलेलं असेल, काहींनी 'मराठी' हा शब्द जोडलेला असेल, आणि दोन-तीन प्रश्न असे सापडतील की जे तुमच्या लेखात मुळी नाहीतच. अस्तर लावायचं तर माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, किती सोडायची, पुढचा गळा खोल घेतला तर खांदा उतरतो तो का, वगैरे. ते प्रश्न लेखात घाला. मग वाचणारी बाई कशी वाचते ते डोळ्यांपुढे आणा: ती जमिनीवर बसलेली असते, समोर कापड अंथरलेलं, एका हातात खडू आणि फोन कापडाशेजारी ठेवलेला. तिला शिवणकामाच्या इतिहासाचे तीन परिच्छेद नकोत. मापांचा तक्ता वर हवा, तोही ३२ पासून ४४ पर्यंत सगळ्या छातींचा. कागदाच्या कटिंगचा फोटो हवा, त्यावर टेप ठेवलेली दिसायला हवी. आणि तक्ता फोटोत घालू नका, मजकुरातच ठेवा. फोटोतला तक्ता छोट्या स्क्रीनवर वाचता येत नाही आणि शोधयंत्राच्याही विशेष कामाचा नसतो. असा एक लेख नीट करायला दोन संध्याकाळी लागतात. नोकरी सांभाळून तेवढं जमतं.

सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं, त्याचाही उपयोग करा. तुमचा विषय हंगामी आहे. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी वाचक चढतात, आषाढात उतरतात. त्यामुळे यंदाच्या आषाढाची तुलना गेल्या आषाढाशीच करायची, वैशाखाशी नाही. नाहीतर दरवर्षी पावसाळ्यात उगाच धीर सुटतो.

आता मुख्य गोष्ट, विकायचं काय. माझ्याबाबतीत वाचकांनीच ते दाखवून दिलं. मसाल्यांवरच्या एका लेखावर सारखा एकच प्रश्न यायचा: 'पाकिटाच्या लेबलवर नक्की काय काय लिहायचं?' उत्तर दिलं की त्या पुढे विचारायच्या, 'तुम्हीच लिहून द्याल का? पैसे देते.' बायका कौतुकाने सगळं लेबल फक्त मराठीत छापून घ्यायच्या आणि मग अडकायच्या, कारण खाद्यपदार्थाच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते, मराठी तिच्या जोडीला चालते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, हेही बऱ्याच जणींना माहीत नसायचं. लेबलचा मजकूर लिहून देणं हे माझं पहिलं पैशाचं काम ठरलं. त्यातूनच पुढे कॅटलॉग, माहितीपत्रकं आणि कंपन्यांचं मराठी लेखन आलं. ब्लॉगमुळे लोकांचा विश्वास बसला आणि पैसे आले ते या कामातून.

तुमच्याकडेही तसे प्रश्न येत असतील. एक वही करा आणि गेल्या सहा महिन्यांत कमेंटमध्ये, व्हॉट्सॲपवर, फोनवर आलेले प्रश्न तिच्यात उतरवा. जो प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय आणि ज्याचं उत्तर द्यायला तुम्हाला वेळ घालवावा लागतो, तिथे पैसे आहेत. शिवणकामात मला तीन गोष्टी दिसतात. एक, मापानुसार तयार पेपर कटिंगची पीडीएफ. दुसरी, आठ-दहा जणींच्या गटाला संध्याकाळी ऑनलाइन क्लास. तिसरी, शिलाई मशीन, दोरे, अस्तराचं कापड विकणाऱ्या कंपन्यांसाठी मराठीत माहिती लिहिणं किंवा व्हिडिओ करणं. यातलं काय जमेल ते तुमच्या स्वभावावर आहे. शिकवायची आवड असेल तर क्लास, बोलायचा संकोच असेल तर पीडीएफ. मी असते तर एका पीडीएफने सुरुवात केली असती, कारण ती एकदा नीट झाली की रात्री झोपेतही विकली जाते.

पीडीएफ करणार असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पहिल्याच पानावर पाच सेंटीमीटर बाय पाच सेंटीमीटरचा चौकोन काढा आणि लिहा: 'सगळी पानं छापण्याआधी हे एकच पान छापा. चौकोन टेपने मोजा. बरोबर पाच सेंटीमीटर आला तरच पुढचं छापा.' गिऱ्हाईक झेरॉक्सच्या दुकानात जातं, दुकानदार सवयीने 'फिट टू पेज' करून छापतो आणि सगळं पॅटर्न थोडंसं लहान होतं. चार-पाच टक्क्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ब्लाउज छातीत घट्ट होतो आणि दोष तुमच्यावर येतो. ए-फोरची पानं जोडायच्या जागी खुणा द्या, प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि शिलाईची माया धरलीय की नाही हे ठळक लिहा. पीडीएफ पुढे ग्रुपवर फिरणार, ते धरूनच चाला. विकत घेणारीचं नाव पानाच्या तळाशी छापलंत तर फिरणं थोडं कमी होतं. पूर्ण थांबत नाही. त्याच्यामागे धावण्यात शक्ती घालवू नका. किंमत परवडेल अशी ठेवा आणि शंका विचारायची सोय फक्त विकत घेणाऱ्यांना द्या.

यात कराची एक बाब आहे. पीडीएफ आणि क्लास ही सेवा धरली जाते, आणि सेवेला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरी. पण छापील पॅटर्न किंवा कापडाचे संच कुरिअरने बेळगावला, इंदूरला पाठवायला लागलात तर तो माल झाला. परराज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणीचा प्रश्न येतो. पहिलं पार्सल राज्याबाहेर जाण्याआधी सीएला विचारा.

तुमचा ब्लॉग अजून फुकटच्या पत्त्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय. या महिन्यातच स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःच्या मालकीचा पत्ता, घ्या. ब्लॉगरवरचा ब्लॉगही स्वतःच्या डोमेनवर चालतो, सगळं हलवावं लागत नाही. डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डने घ्या. भाच्याने किंवा ओळखीच्या मुलाने 'मी करून देतो' म्हणून त्याच्या खात्यातून घेतलं, पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला आणि नूतनीकरणाची मुदत उलटली, असे प्रकार मी ओळखीतल्यांकडे पाहिलेत. पहिल्या वर्षीचा स्वस्त भाव बघू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडतील ते बघा. वाचकांचे नंबरही त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी आणली तेव्हा आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांचे लाखो प्रेक्षक एका रात्रीत गेले. गुण होते, मेहनत होती, पण प्रेक्षकांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता हातात नव्हता. आपल्या वाचक ईमेल फारशा उघडत नाहीत, व्हॉट्सॲप बघतात. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीला २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये नंबर सेव्ह करायला सांगा.

कंपन्यांचं काम आलं तर पैशाच्या बाबतीत भीड ठेवू नका. घरून काम करणारी बाई आहे म्हणून 'पुढच्या महिन्यात देतो' हे फार सहज म्हटलं जातं. नव्या गिऱ्हाइकाकडून मी निम्मे पैसे आधी घेते, आणि काम काय, किती वेळा दुरुस्त्या, पैसे किती दिवसांत, हे ईमेलवर लिहून त्यांचा होकार घेतल्यावरच बसते. दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून टाका. ती मोफत आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनने घरबसल्या होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट्स खासगी असतात, तिकडे जाऊ नका. नोंदणी असली की सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचा आधार मिळतो: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. मला स्वतःला तक्रारीपर्यंत क्वचितच जावं लागतं. बिलावर उद्यम क्रमांक आणि त्याखाली ४५ दिवसांची ओळ छापलेली असली की हिशोब खातं ते बिल बाजूला सारत नाही. मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर आता कंपनीला त्या वर्षी आयकरात तो खर्चही धरता येत नाही, आणि हे त्यांच्या सीएला चांगलं ठाऊक असतं.

मशीन कंपनीने 'मशीन पाठवतो, तुम्ही लिहा' असं म्हटलं तर वाचकांना ते लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, 'जाहिरात' असं लिहून. नियम तसा आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे तुमच्या शब्दावर कुणीतरी बचतगटाच्या पैशातून मशीन घेणार आहे. मशीन तुम्ही ठेवून घेतलं आणि अशा वस्तूंची किंमत वर्षात २० हजारांच्या वर गेली तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) लागतो आणि ते तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. वापरून परत केलं तर तो प्रश्न येत नाही. मी परत करण्याच्या बाजूची आहे, मोकळेपणाने लिहिता येतं.

आता नोकरी कधी सोडायची. याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही, कारण घरात दुसरी कमाई आहे का, कर्ज किती, आजारी माणूस आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी लावते ती कसोटी सांगते. जाहिरातींचे पैसे पूर्ण बाजूला ठेवा. पीडीएफ, क्लास आणि कंपन्यांचं काम मिळून घरखर्चाएवढे पैसे सलग येताहेत का, आणि त्यात एक मंदीचा काळ, म्हणजे तुमच्या धंद्यातला आषाढ-भाद्रपद, येऊन गेलाय का? दोन्हीला हो असेल तर सोडा. एकच कंपनी निम्म्याहून जास्त पैसे देत असेल तर अजून थांबा, ती गेली की सगळं बसतं. सहा महिन्यांची शिल्लक चांगली आहे, पण ती कसोटी लागल्यानंतर वापरायची आहे, कसोटीच्या ऐवजी नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तुमचा पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे बहुधा ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा योजनेचा हप्ता, कापलं जात असेल. तसं असेल तर घरातल्यांच्या उपचारांची सोय त्यावर चालते आणि नोकरीबरोबर तीही जाते. राजीनाम्याच्या आधी आरोग्य विमा काढून ठेवा. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडला तर सहसा काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरात कुणाला शुगर, बीपी असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. त्याचा हप्ता घरखर्चात धरून मगच वरची कसोटी लावा.

राहिला घरच्यांचा प्रश्न. त्यांना समजावत बसण्यापेक्षा या कामाचं वेगळं बँक खातं उघडा आणि एक रुपया आला तरी त्यातच घ्या, डोमेनचे पैसेही त्यातूनच भरा. सहा महिन्यांनी पासबुक त्यांच्यापुढे ठेवा. आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी दरवर्षी रिटर्न भरा. कंपनीने कापलेला टीडीएस त्यातूनच परत मिळतो. शिवाय पगाराची स्लिप बंद झाल्यावर बँक कर्जासाठी दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते, ते त्या दिवशी मागाहून तयार होत नाहीत.

सर्च कन्सोलमधली पहिल्या दहा पानांची यादी आणि वहीतले सगळ्यात जास्त वेळा आलेले पाच प्रश्न इथेच लिहा. पहिली पीडीएफ कशाची करावी ते त्यावरून मला सांगता येईल.